जुन्या कॅप्चर कार्डावर उतरवलेल्या लग्नाच्या फाइली नव्या लॅपटॉपवर कशा उघडायच्या आणि बदलायच्या?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे याच अडचणीत सापडलेल्या इतरांनाही उपयोग होईल. कऱ्हाडला तुमच्या काकांचा व्हिडिओ शूटिंगचा व्यवसाय होता. व्हीएचएस आणि मिनीडीव्ही कॅसेटवरची लग्नं, मुंजी, बारशी त्यांनी २००२ ते २००७ या काळात कॅप्चर कार्ड, म्हणजे कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड, लावलेल्या एका पेंटियम ४ मशीनवर उतरवली. त्यातल्या साठेक एव्हीआय फाइली तुम्ही नव्या लॅपटॉपवर घेतल्या. काहींचा नुसता आवाज येतो, चित्र काळं. काही व्हीएलसीमध्ये दिसतात पण रंग फिके, आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नाहीत. कुठला कोडेक (चित्र दाबून भरणारं आणि पुन्हा उलगडणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकावा आणि एमपी४ करायचं काम लॅपटॉपवर होईल की जुन्याच मशीनवर करावं लागेल, असं तुम्ही विचारलंय.

लॅपटॉपवर होईल आणि तिथेच करावं. फाइली बहुतेक धडधाकट आहेत. पण एक विनंती. साठच्या साठ फाइली नव्या मशीनवर उघडून डोळ्यांनी पाहून होईपर्यंत जुनं मशीन भंगारात देऊ नका. कार्ड काढू नका, त्यातलं विंडोज एक्सपी पुसून पुन्हा टाकू नका, आणि कार्डाबरोबर आलेली सीडी काकांकडून आजच शोधून घ्या.

इतक्या आग्रहाने सांगण्याचं कारण आहे. २००९ साली मी माझं पहिलं कॅप्चर मशीन कार्डासकट विकलं. फाइली दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढल्या होत्या, त्यामुळे निर्धास्त होतो. चार महिन्यांनी एक गृहस्थ आले. त्यांचे वडील वारले होते, आणि बहिणीच्या लग्नात वडील पाहुण्यांचं स्वागत करताहेत तेवढाच भाग त्यांना हवा होता. फाइल होती, आवाज होता, चित्र नव्हतं. मशीन घेणाऱ्याने कार्ड कधीच काढून टाकलं होतं. तीन आठवडे शोधाशोध केल्यावर त्याच मॉडेलच्या कार्डाची सीडी एका मित्राच्या माळ्यावर सापडली. तिच्यातला एक छोटासा सॉफ्टवेअर कोडेक टाकला आणि त्यांचे वडील पडद्यावर दिसले. त्या दिवसापासून कार्डावर अवलंबून असलेली एकही फाइल मी तशीच ठेवलेली नाही.

हे असं का होतं ते समजलं की पुढचं सोपं जातं. एव्हीआय हा नुसता डबा आहे. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय हे डब्यावरच्या चार अक्षरी खुणेवरून कळतं, तिला फोरसीसी म्हणतात. प्लेअर ती खूण वाचतो आणि ती पद्धत जाणणारा कोडेक मशीनवर शोधतो. सापडला नाही तर चित्र काळं. आवाज मात्र बहुधा साधा, न दाबलेला पीसीएम असतो, तो कुणालाही वाचता येतो, म्हणून तेवढाच ऐकू येतो.

आता त्या काळचं गणित बघा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत एक फ्रेम ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, सेकंदाला २५ फ्रेम. काहीही न दाबता वाययूवाय२ या ठिपक्यामागे दोन बाइटच्या पद्धतीने ठेवलं तर सेकंदाला २०.७ एमबी, म्हणजे तासाला सुमारे ७५ जीबी. नव्वदच्या दशकातल्या प्रोसेसरला हे चालत्या कॅसेटच्या वेगाने दाबणं झेपत नव्हतं आणि डिस्कलाही ते पेलत नव्हतं. म्हणून दाबण्याची चिप कार्डावरच बसवलेली असे. पिनॅकलच्या डीसी१० सारख्या कार्डांवर झोरानची चिप होती, ती प्रत्येक फ्रेमचा स्वतंत्र जेपेग करत असे. हेच मोशन जेपेग. अशी फाइल उघडण्याचं काम कधी कार्डाकडे असे, तर कधी कार्डाबरोबर आलेल्या ड्रायव्हरकडे. ज्या कंपन्यांना याची जाणीव होती त्या कार्ड नसलेल्या मशीनसाठी वेगळा सॉफ्टवेअर कोडेक देत. स्टुडिओत दोन मशीन असत, एक कॅप्चरला आणि एक मिक्सिंगला, त्यांच्यासाठीच ती सोय होती. तुम्हाला आज तोच लागणार आहे.

पण आधी रोगनिदान. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका आणि साठही फाइलींची माहिती काढा. तुमच्या वर्णनावरून मला त्यात तीन गट दिसतील असं वाटतं.

पहिला गट मिनीडीव्हीचा. फायरवायर केबलने घेतलेल्या या फाइलींमध्ये कार्डाने काहीच दाबलेलं नसतं. दाबण्याचं काम कॅमेऱ्यातच झालेलं असतं आणि केबलमधून फक्त तो डेटा उतरवला जातो. पाल डीव्हीची प्रत्येक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइटची, म्हणजे तासाला जवळजवळ १३ जीबी. तुमची फाइल या हिशेबात बसली की ती डीव्ही, असं समजायला हरकत नाही. ही फाइल हीच तुमची मूळ प्रत. तिला 'चांगल्या' कोडेकमध्ये बदलून ठेवायच्या फंदात पडू नका, त्यातून काहीही सुधारत नाही. एकच खाच आहे. डीव्ही एव्हीआय दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात आवाज चित्राच्या प्रवाहातच मिसळलेला असतो, दुसऱ्यात तो वेगळाही ठेवलेला असतो. व्हर्च्युअलडब या मोफत सॉफ्टवेअरच्या मूळ आवृत्तीला फक्त दुसरा प्रकार कळतो. पहिला प्रकार निघाला तर एफएफएमपेग या फाइली बदलणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉपी' पर्याय वापरून डबा तेवढा बदला. चित्राला हात लागत नाही. आणि एखाद्या फाइलीची खूण कॅनोपसची, म्हणजे सीडीव्हीसी असली तरी घाबरू नका, आत डीव्हीच असतं.

दुसरा गट कार्डाच्या मोशन जेपेगचा. तुमच्या काळ्या चित्रांचं मूळ बहुधा इथेच आहे. तिसरा गट हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता दाबणाऱ्या, कोडेकचा. काका काटेकोर असतील तर काही फाइली त्यात निघतील, आणि त्या आजचं कुठलंही एफएफएमपेग सहज उघडतं.

एवढं कळेपर्यंत इंटरनेटवरचे 'सगळे कोडेक एकत्र' असे पॅक टाकू नका. हे पॅक एकाच पद्धतीसाठी चार-चार कोडेक टाकतात, मग कुठला पुढे सरसावेल सांगता येत नाही, आणि आज नीट दिसणारी फाइलही उद्या उलटी किंवा हिरवी दिसायला लागते. हे दुरुस्त करण्यात माझ्याकडे येणाऱ्या लोकांचे दिवस गेलेले मी पाहिलेत. लागेल तेवढा एकच कोडेक टाका.

तुम्ही गोंधळलात ती गोष्टही इथेच उलगडते, व्हीएलसीत दिसतं आणि एडिटरमध्ये का दिसत नाही ती. व्हीएलसी स्वतःचे कोडेक पोटातच घेऊन फिरतो, विंडोजमध्ये काय बसवलंय ते तो विचारत नाही. एडिटर विचारतो. त्यामुळे व्हीएलसीत चित्र दिसणं ही शुभवार्ता आहे. एफएफएमपेगलाही ती फाइल कळणार, कारण दोघांचा पाया एकच. अशा फाइलीसाठी विंडोजमध्ये काहीही बसवायची गरज नाही, थेट एफएफएमपेगने बदला.

व्हीएलसीतही काळं दिसत असेल तर मात्र सीडीतला कोडेक हवा. आता एक सापळा. जुने कोडेक ३२ बिटचे आहेत. तुमच्या लॅपटॉपवरचा एडिटर ६४ बिटचा. कोडेक व्यवस्थित बसेल, यादीत दिसेलही, तरी एडिटरला तो कधीच दिसणार नाही. लोक याच पायरीवर हार मानतात आणि फाइल खराब झाली असं समजतात. व्हर्च्युअलडबची ३२ बिटची आवृत्ती घ्या आणि तिच्यातून फाइल उघडा. काम होतं.

लॅपटॉपवर तो कोडेक बसायलाच तयार नसेल तर जुनं मशीन चालू करा. म्हणूनच ते ठेवायला सांगितलं. तिथे व्हर्च्युअलडब आणि हफवाययूव्ही टाका. फाइल उघडा, व्हिडिओच्या मेनूत 'फास्ट रीकॉम्प्रेस' निवडा, कोडेक हफवाययूव्ही, त्यात 'प्रेडिक्ट मीडियन'. 'फुल प्रोसेसिंग' चुकूनही नको, कारण त्यात चित्र आधी आरजीबीत जातं आणि पुन्हा परत येतं. वेळही जातो आणि रंगही थोडा घासला जातो. आवाजाला 'डायरेक्ट स्ट्रीम कॉपी'. अशी बनलेली फाइल तासाला साधारण ३० ते ४० जीबी होते. मोठी आहे, पण ती कार्डाच्या तावडीतून सुटली, आता ती कुठल्याही मशीनवर एफएफएमपेगने उघडते.

नेण्याच्या डिस्कबद्दल दोन शब्द. ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असू द्या. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि नुसत्या डीव्हीचेच ४ जीबी २० मिनिटांत भरतात. यूएसबी २ च्या वेगाने ३५ जीबी न्यायला वीसेक मिनिटं लागतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचा चेकसम, म्हणजे फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवून बघा. जुन्या डिस्क कधीकधी चूक न सांगता चुकतात.

काकांच्या फोल्डरमध्ये दहा-दहा मिनिटांचे तुकडे असतील तर तेही याच मर्यादांमुळे. सुरुवातीच्या एव्हीआयची मजल २ जीबीपर्यंत, आणि डीव्हीचे २ जीबी दहा मिनिटांत संपतात. तुकडे क्रमाने जोडा. एखादी फाइल तासाभराची दिसते पण आकाराने दोन-चार एमबीचीच आहे, अशी निघाली तर ती खरी फाइल नव्हे. ती फक्त बाकीच्या तुकड्यांकडे बोट दाखवते. तिच्या भरवशावर तुकडे पुसू नका.

आता फिके रंग. मोशन जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला ० ते २५५ आहे असं आजचे डीकोडर, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणारे कोडेक, गृहीत धरतात. कॅप्चर कार्डं मात्र पुष्कळदा टीव्हीच्या हिशेबाने १६ ते २३५ मध्येच चित्र भरत. डीकोडरने ते १६ म्हणजे राखाडी मानलं की काळ्याचं काळेपण जातं आणि सगळ्यावर धुरकट पडदा येतो. चित्र बिघडलेलं नसतं, समजण्यात चूक झालेली असते. एफएफएमपेगच्या स्केल फिल्टरला आत येणारा पल्ला टीव्हीचा आहे एवढं सांगितलं की दुरुस्त होतं. काँट्रास्ट वाढवून अंदाजाने दुरुस्ती करू नका. मी यासाठी प्रत्येक लग्नातली एकच फ्रेम काढतो. नवरदेवाचे केस, भटजींचं पांढरं धोतर आणि नवरीच्या शालूची जर तिन्ही एकत्र येतील अशी. केस काळे, धोतराच्या चुण्या शाबूत आणि जरीतली नक्षी दिसतेय, म्हणजे पल्ला बरोबर. धोतर नुसतं पांढरं थापा झालं असेल तर तुम्ही उलट बाजूला जास्त ताणलंय. आणखी एक, हे चित्र बीटी ६०१ रंगपद्धतीचं आहे. शेवटच्या फाइलीवर तशी नोंद नसेल तर काही प्लेअर ते एचडीच्या ७०९ पद्धतीने दाखवतात, आणि कुंकवाचा लाल रंग हलकासा सरकतो.

सगळ्यात जास्त नुकसान जिथे होतं त्याकडे आता येतो, इंटरलेसिंग. पाल चित्र सेकंदाला २५ फ्रेम असं आपण म्हणतो, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, एक सम ओळींचं आणि एक विषम ओळींचं, आणि ती दोन एकाच क्षणाची नसतात. दोघांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. म्हणजे हालचाल खरं तर सेकंदाला ५० वेळा टिपलेली आहे. जुन्या टीव्हीवर वरातीतली लेझीम इतकी सळसळती दिसायची ती यामुळेच. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन्ही फील्ड एकदम दिसतात आणि हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात.

यावर बहुतेक सॉफ्टवेअर करतं काय, तर एक फील्ड टाकून देतं किंवा दोन्ही मिसळून २५ फ्रेमचा एमपी४ देतं. दाते जातात, पण अर्धी हालचालही जाते. मला हे पाहवत नाही. कॅसेटवर जे नव्हतं ते आपण आणू शकत नाही, पण जे होतं ते तरी पुढच्या पिढीला मिळायला हवं. म्हणून प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम करा आणि शेवटची फाइल ५० फ्रेमची ठेवा. यासाठी एव्हीसिंथ या मोफत सॉफ्टवेअरमधल्या क्यूटीजीएमसी या फिल्टरला तोड नाही. ते हळू चालतं, पण काठ स्वच्छ ठेवतं आणि व्हीएचएसच्या चित्रातले सळसळते दाणे थोडे शांतही करतं. ते जमवणं अवघड वाटलं तर एफएफएमपेगमधलं बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर वापरा, फील्डमागे एक फ्रेम देण्याच्या सेटिंगवर. त्यातून येणारं चित्र चांगलंच असतं.

त्याआधी फील्डचा क्रम ठरवावा लागतो. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी. ॲनालॉग कार्डांच्या फाइलींमध्ये बहुतेक वेळा वरचं आधी, पण मी यावर कधीही विश्वास ठेवत नाही, तपासतोच. वरातीचा किंवा मंगलाष्टकांनंतर अक्षता उडतात तो दहा सेकंदांचा तुकडा घ्या, दोन्ही क्रमांनी बदला आणि सावकाश बघा. चुकीच्या क्रमात माणूस दोन पावलं पुढे आणि एक मागे असा थरथरत चालतो. एकदा पाहिलंत की पुन्हा चुकणार नाही. आणि चित्राची उंची फील्ड वेगळे करण्याआधी कधीही बदलू नका. आधी उंची वाढवली की दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात, आणि त्या पुन्हा वेगळ्या करणं जवळपास अशक्य. १०८० करून आणलेल्या अशा कितीतरी फाइली माझ्याकडे आल्या, मूळ कॅसेट नष्ट झालेल्या, आणि मला काही करता आलं नाही.

मूळ प्रतीत मात्र यातलं काहीच करायचं नाही. ती इंटरलेस्डच राहू द्या. व्हीएचएसच्या तळाशी फाटक्या ओळी दिसतात, त्या व्हीसीआरचं चित्र वाचणारं डोकं (हेड) बदलताना येतात. त्याही मूळ प्रतीत कापू नका, एमपी४ करताना झाका. कायम ठेवायची प्रत डीव्ही असेल तर डीव्हीच. कार्डाच्या कोडेकमधून सोडवलेल्या फाइली मी आता एफएफव्ही१ मध्ये, एमकेव्हीच्या डब्यात ठेवतो. हा लॉसलेस कोडेक खुला आहे, २०२१ मध्ये त्याचं स्वरूप आरएफसी ९०४३ या खुल्या दस्तऐवजात प्रसिद्ध झालं, आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर चेकसम ठेवता येतो, म्हणजे वीस वर्षांनी डिस्क कुठे किडली ते कळतं. जे मोशन जेपेग एफएफएमपेग थेट उघडतं ते लॉसलेसमध्ये बदलायची गरज नाही, नुसती जागा तिप्पट होईल.

आवाजाबद्दल थोडंच. घरगुती मिनीडीव्ही कॅमेरे १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर लावलेले असायचे आणि मध्येच कुणीतरी १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ करायचं. दोन्ही एकाच फाइलीत आले की तिथून पुढे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. असे भाग वेगळे करून दोन्हींचा आवाज ४८ वर आणा, मग जोडा. व्हीएचएसच्या लांब फाइलीत आवाज हळूहळू मागे पडत असेल तर फाइलीच्या शेवटी तो किती मागे आहे ते बघा. तीन तासांत सव्वा सेकंद सरकला तर तो समान वेगाने सरकतोय की एका ठिकाणी उडी मारतोय हे महत्त्वाचं. समान असेल तर आवाज तेवढा ताणून जुळतो. उडी असेल तर तिथे फ्रेम गळल्यात, आणि तो तुकडा हातानेच जुळवावा लागतो.

मग शेवटचा एमपी४. एच.२६४, एक्स२६४ या सॉफ्टवेअर कोडेकने, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १८, प्रीसेट 'स्लो'. लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपचा जलद पर्याय मोहात पाडेल, पण तेवढ्याच आकारात, विशेषतः व्हीएचएसच्या दाणेदार चित्रात, एक्स२६४ जास्त तपशील राखतो. आणि इथे घाई कशाची? कॅप्चरला कॅसेटच्या वेगाने पळावं लागतं, बदलण्याला नाही. संध्याकाळी पाच फाइली लावा, सकाळी तयार. लॅपटॉप मात्र कडक पृष्ठभागावर ठेवा, गादीवर नको.

आकार ७६८ बाय ५७६ करा. पालचे ठिपके चौकोनी नसतात. ७२० रुंदी तशीच ठेवून 'ताणून दाखवा' अशी नोंद करता येते, पण पेनड्राइव्ह लावून बघणारे घरातले टीव्ही ती नोंद पुष्कळदा मानत नाहीत आणि सगळे वऱ्हाडी किंचित बारीक दिसतात. यूट्यूबवर चढवायचं असेल तर तेवढ्यापुरती ९६० बाय ७२० ची प्रत काढा, कारण तिथे ५० फ्रेम ७२० पासून पुढेच मिळतात.

सुरुवात एका फाइलीपासून करा. काळं चित्र देणारी सर्वांत छोटी फाइल घ्या, तिची चार अक्षरी खूण आणि कार्डाचं मॉडेल मला कळवा, नेमका कुठला कोडेक लागेल ते सांगतो. तोवर काकांना आणखी एक विचारून ठेवा, मूळ कॅसेट अजून आहेत का. बुरशी नसेल तर व्हीएचएसच्या काही कॅसेट चांगल्या व्हीसीआरवरून नव्याने उतरवणं जास्त फायद्याचं ठरेल, आणि त्या वेळी पहिल्या दिवसापासून लॉसलेसमध्येच घ्या.